किल्ली कोणाच्या हाती?

आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर व संघटनेच्या कचेरीतील पुस्तकांच्या एका कपाटापाशी झाले. वसंत व्याख्यानांच्या व्यासपीठावरून विद्वानांनी इतिहास सांगावा आणि आमच्यासारख्यांनी तो समोर बसून ऐकावा, ही आजवरची रीत. यंदा चालकांनी आम्हांलाच उभे केले, तेव्हा आम्ही विषय घेतला तो किल्लीचा. गडाची किंवा जामदारखान्याची किल्ली नव्हे, तर संगणकाच्या खात्याची. कामगार चळवळीतल्या माणसाला हा उद्योग कोणी सांगितला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका बडतर्फीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा संध्याकाळी कचेरीत आला. बापाने मिलिंग मशीनवर हयात घालवली आणि पोराला इंजिनिअर केले. मुलगा एका कंपनीत कंत्राटदाराच्या पटावर संगणकाचे काम करीत होता. त्याने लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये कंपनीच्या क्लाउड खात्याची किल्ली तशीच राहून गेली आणि तो प्रोग्रॅम चुकून सर्वांना दिसेल अशा जागी ठेवला गेला. काही तासांतच कोणा परक्यांनी त्या किल्लीने कंपनीच्या नावावर ढीगभर संगणक चालू केले आणि भाड्याचा आकडा लाखांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा पास फाटकावर चालेना. संध्याकाळी पत्र मिळाले, 'गंभीर निष्काळजीपणा.' बाकावर बसून तो आम्हांला म्हणाला, "काका, किल्ली माझ्या हातून बाहेर गेली हे खरं. पण ती किल्ली मुळात माझ्या हातात द्यायलाच नको होती."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. चूक कबूल करणारा, आणि तरीही चुकीच्या मुळाशी बोट ठेवणारा माणूस खोटे बोलत नसतो, हा आमचा पस्तीस वर्षांचा अनुभव. पण त्याची बाजू मांडायची तर आधी विषय कळायला हवा. म्हणून आम्ही त्यालाच गुरू केले आणि शिकावयास बसलो. शिकता शिकता ध्यानात आले की प्रश्न संगणकाइतका नवा नाही. तो पेटीइतका जुना आहे.

तीन कुलुपांची पेटी

इसवी सन 1199 मध्ये पोप तिसरा इनोसंट याने धर्मयुद्धाच्या निधीसाठी चर्चमध्ये पेट्या ठेवविल्या. प्रत्येक पेटीला तीन किल्ल्या असाव्यात, एक बिशपाकडे, दुसरी स्थानिक धर्मगुरूकडे आणि तिसरी एखाद्या सश्रद्ध गृहस्थाकडे, असा त्याचा हुकूम होता. पुढे 1538 मध्ये इंग्लंडच्या राजाज्ञेने प्रत्येक चर्चमध्ये नोंदवही ठेवण्यास दोन कुलुपांची पेटी सक्तीची केली. जेथे धर्मगुरूच्या शब्दावर लोक प्राण देत होते, तेथेही पैशाच्या पेटीला एक किल्ली पुरेशी मानली गेली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इंग्लंडमधील कारागिरांच्या परस्पर साहाय्य मंडळ्यांनी हीच रीत उचलली. वर्गणीची पेटी सभेत उघडायची आणि तिच्या कुलुपांच्या किल्ल्या वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे असायच्या. 1799 व 1800 च्या कायद्यांनी कामगारांच्या संघटनांवर बंदी घातली, ती 1824 मध्ये उठली. मधल्या काळात कित्येक संघटना या साहाय्य मंडळ्यांच्या आडोशाने तगल्या. म्हणजे आमच्या चळवळीचे बालपण ज्या पेटीपाशी गेले, तिला एकाहून अधिक कुलुपे होती. आपल्याकडे सरकारी ट्रेझरीतील दुहेरी कुलूप काय किंवा बँकेतील लॉकर काय, न्याय तोच. लॉकर उघडायला बँकेची किल्लीही लागते आणि आपलीही लागते.

या पद्धतीमागे माणसाविषयी अविश्वास आहे, असे पुष्कळांना वाटते. आमचे मत उलट आहे. तीन किल्ल्यांची पेटी खजिनदाराला वाचविते. पैसे कमी भरले तर एकट्यावर आळ येत नाही आणि एकट्याला मोहही होत नाही. व्यवस्था नीट असली की माणसाला साधुसंत होण्याची गरज पडत नाही.

एका यंत्राचे अनेक धनी

आता संगणकाकडे वळू. प्रारंभीच्या संगणकावर एका वेळी एकाच माणसाचे काम चाले, त्यामुळे खोलीला कुलूप लावले की भागत असे. 1961 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखविली. यंत्र एक आणि धनी अनेक, तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे ठेवणे आले. त्यासाठी प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. संगणकावरील आपल्या किल्लीचा जन्म येथला.

आणि किल्लीच्या चोरीचा जन्मही तेथलाच. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर ठरावीक वेळ मिळे आणि तो त्याच्या कामाला पुरत नसे. 1962 मध्ये त्याने एक छिद्रपत्र देऊन सर्वांच्या परवलीच्या शब्दांची फाइलच छापून मागितली, आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली! पुष्कळ वर्षांनी त्यानेच हे सांगितले. याच यंत्रावर त्या दशकात आणखी एक प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करीत होते. एक होती त्या दिवसाच्या सूचनेची आणि दुसरी परवलीच्या शब्दांची. तात्पुरत्या फाइलचे नाव दोघांचे एकच असल्याने अदलाबदल झाली आणि जो कोणी यंत्राशी बसला त्याला सूचनेऐवजी साऱ्या गावाचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. येथे कोणी चोर नव्हता. दोन प्रामाणिक माणसे आपापले काम करीत होती आणि रचनेत फट होती.

या धड्यांवरून शास्त्रज्ञ शिकले. परवलीचा शब्द जसाच्या तसा न ठेवता, ज्यावरून मूळ शब्द काढता येत नाही अशा गणिती रूपात ठेवण्याची युक्ती निघाली. तरीही माणसाची सवय सुटेना. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात 3,289 परवलीच्या शब्दांची छाननी आहे. त्यांतले 2,831, म्हणजे शंभरांतले 86, सहज हुडकता येण्याजोगे निघाले. कोणी एकच अक्षर ठेवले होते, तर कोणी शब्दकोशातला शब्द.

त्याआधी 1975 मध्ये जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यांतली दोन आमच्यासारख्याच्याही गळी उतरतात. पहिले असे की, ज्याला जे काम आहे त्याला त्या कामापुरताच अधिकार द्यावा, रतिभरही अधिक नको. दुसरे असे की, जेथे शक्य तेथे एका किल्लीने उघडणारे कुलूप नको, दोन किल्ल्यांचे असावे. सातशे वर्षांहून जुन्या पेटीची रीत संगणकशास्त्राने पुन्हा शोधून काढली, ती अशी.

भाड्याचे संगणक

2006 साली ॲमेझॉन या कंपनीने आपले संगणक भाड्याने देण्यास आरंभ केला. मार्चमध्ये माहिती साठविण्याची जागा आणि ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष संगणक. यालाच लोक क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरच असते. प्रचंड इमारती, त्यांत रांगेने रचलेली यंत्रे, अखंड वीज आणि थंड हवा. 2016 मध्ये मुंबईतही या कंपनीचे असे केंद्र सुरू झाले. ज्या मुंबईने एके काळी सूत कातले आणि कापड विणले, तेथे आता माहितीची कोठारे उभी आहेत.

भाड्याने घेतलेल्या या यंत्रांपर्यंत माणूस पायी जात नाही, दुरून आज्ञा देतो. आणि पुष्कळ वेळा माणूसही आज्ञा देत नाही, त्याने लिहून ठेवलेला प्रोग्रॅम देतो. माणूस परवलीचा शब्द टाइप करील, पण रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने कोणाला उठवावे? म्हणून प्रोग्रॅमसाठी प्रवेशकिल्ली निघाली. तिचे दोन भाग असतात. पहिला 20 अक्षरांचा ओळखक्रमांक. दुसरा 40 अक्षरांचा गुप्त भाग. पहिला म्हणजे कामगाराच्या बिल्ल्यावरचा नंबर आणि दुसरा म्हणजे सही करणारा त्याचा हात. गुप्त भाग पलीकडे पाठविला जात नाही. त्याच्या साहाय्याने प्रत्येक आज्ञेवर एक गणिती सही उमटते आणि पलीकडे ती ताडून पाहिली जाते. किल्ली बनते त्या वेळी हा गुप्त भाग एकदाच दाखविला जातो. हरवला तर परत मिळत नाही, नवी किल्लीच करावी लागते.

पहिल्या चार-पाच वर्षांत गोची अशी होती की, किल्ली खात्याची असे, माणसाची नसे. ज्याच्या हाती ती पडली तो खात्याचा मालक. 2010 च्या सुमारास खात्यात वेगवेगळे वापरकर्ते नोंदवून प्रत्येकाला वेगळी किल्ली व वेगळे अधिकार देण्याची सोय झाली. यामुळे कोणी केवळ वाचावे, कोणी लिहावे, पुसून टाकण्याचा हक्क कोणाला असावा, हे ठरविता येऊ लागले. पण सोय झाली म्हणजे वापर झाला असे नव्हे. फॅक्टरी ॲक्टातल्या सोयी भिंतीवर टांगलेल्या असतात, त्यांचे काय होते ते आम्ही जन्मभर पाहत आलो आहो.

किल्लीची पाळी

किल्ल्यांची निगा कशी राखावी, हे त्या मुलाने आम्हांला कारखान्याच्या भाषेत समजावले, तसेच येथे सांगतो.

एका वापरकर्त्याच्या नावे एका वेळी जास्तीत जास्त दोन किल्ल्या असू शकतात. एक पुरत असताना दोन कशाला? तर पाळी बदलण्यासाठी. पहिल्या पाळीचा विणकर साच्यावरून हटण्यापूर्वी दुसऱ्या पाळीचा येऊन उभा राहतो, म्हणून साचा बंद पडत नाही. तसेच येथे आहे. आधी दुसरी किल्ली तयार करावी. जेथे जेथे जुनी वापरात असेल तेथे तेथे नवी बसवावी. जुनी शेवटची केव्हा व कशासाठी वापरली गेली, हे खात्यात दिसते, ते पाहावे. ती कोणी वापरीत नाही अशी खात्री झाली की तिला निलंबित करावे. काही दिवस वाट पाहावी. कोठे काही अडले तर ती पुन्हा चालू करता येते. काहीच अडले नाही, तर मगच कायमची काढून टाकावी. आधी निलंबन, मग चौकशी, आणि बडतर्फी सर्वांत शेवटी, हा आमचा जुना आग्रह. किल्लीच्या बाबतीत तो मान्य झाला आहे, माणसाच्या बाबतीत अजून व्हावयाचा आहे.

मात्र किल्ली चोरांच्या हाती गेल्याचे कळले, तर ही सबूर उपयोगाची नाही. तेथे तत्क्षणी निलंबन, आणि त्या किल्लीने मागे काय काय केले त्याची झडती. चोराने त्या अवधीत स्वतःसाठी दुसऱ्या किल्ल्या पाडून ठेवल्या असतील, हे धरूनच चालावे. खात्याच्या मूळ मालकाच्या नावाने तर किल्ली मुळीच बनवू नये, कारण तिला कोणतीच मर्यादा घालता येत नाही असे समजून वागणे शहाणपणाचे.

याहून चांगली वाट अशी की, कायमची किल्ली शक्यतो देऊच नये. 2011 पासून ठरावीक वेळ चालणाऱ्या तात्पुरत्या किल्ल्या निघाल्या आणि 2012 पासून भाड्याच्या संगणकाला त्याच्या कामापुरती अशी किल्ली आपोआप मिळू लागली. काही मिनिटांनी वा तासांनी ती आपणच मरते. फाटकावर पाहुण्याला दिवसाचा पास देतात, त्यातला हा प्रकार.

येथे आम्हांला हसू आले आणि रागही आला. ज्या मुलाला कंपनीने दर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवले होते, त्याच्या हाती तिने कधीही न संपणारी किल्ली दिली होती. माणसाला कायम करावे आणि किल्ली तात्पुरती ठेवावी, हे शास्त्र. चालले होते नेमके उलट.

चुकले कोण?

मोठ्या कंपन्यांचे दाखले पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. कोड स्पेसेस नावाच्या एका कंपनीच्या खात्यात जून 2014 मध्ये परका शिरला आणि त्याने खंडणी मागितली. कंपनीने परवलीचे शब्द बदलले. पण त्याने आधीच दुसरे मार्ग करून ठेवले होते. त्याने माहिती पुसली, राखीव प्रतीही पुसल्या, कारण त्याही त्याच खात्यात होत्या. अवघ्या 12 तासांत कंपनीचा धंदा संपला.

उबर या टॅक्सी कंपनीचा दाखला तर कामगाराच्या जिव्हाळ्याचा. मे 2014 मध्ये एका अभियंत्याने उघड्या जागी टाकलेल्या किल्लीने परक्यांनी आत शिरून एक लाखाहून अधिक चालकांची नावे आणि परवाना क्रमांक पाहिले. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने पुढे जी तक्रार केली, तीत म्हटले आहे की, कंपनीतील अभियंते व प्रोग्रॅम एकच किल्ली वापरीत होते आणि तिला खात्यावरचे सर्व अधिकार होते. 2016 मध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. या खेपेस किल्ली खाजगी जागी होती, पण चोरांनी त्या जागेतही प्रवेश मिळविला. 5 कोटी 70 लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर गप्प बसली. नोव्हेंबर 2017 मध्ये हे बाहेर आले. 2022 मध्ये कंपनीच्या माजी सुरक्षाप्रमुखाला न्यायालयात दोषी ठरविण्यात आले, ते चोरीबद्दल नव्हे, लपवाछपवीबद्दल.

तात्पुरती किल्ली म्हणजे रामबाण, असेही कोणी समजू नये. 2019 मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या खात्यातून सुमारे 10 कोटी अमेरिकनांची व 60 लाख कॅनेडियनांची माहिती गेली, ती तात्पुरत्याच किल्लीने. किल्ली अल्पायुषी होती, पण तिला दिलेला अधिकार गरजेहून मोठा होता. 1975 चे ते पहिले तत्त्व विसरल्याचा दंड 8 कोटी डॉलर झाला.

आणि ही चूक काही दोनचार वेंधळ्यांची नव्हे. 2019 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी गिटहब या प्रोग्रॅम ठेवण्याच्या सार्वजनिक जागेची पाहणी केली. एक लाखाहून अधिक संग्रहांत गुप्त किल्ल्या उघड्या पडलेल्या आढळल्या. एक माणूस चुकला तर त्याला दोष द्यावा. एक लाख ठिकाणी तीच चूक होत असेल, तर यंत्रावर जाळी कोठे बसवायची राहिली आहे ते पाहावे. प्रेसमध्ये बोट गेले की पूर्वी मालक म्हणत, 'कामगार बेसावध होता.' जाळी बसली आणि बोटे वाचली. कामगार तोच होता.

आमचा हिशेब

त्या मुलाच्या कंपनीत बैठक मिळविण्यास आम्हांला दोन महिने लागले. तेथे आम्ही चारच प्रश्न विचारले. ही किल्ली कोणी व केव्हा बनविली? तिला अधिकार कोणते होते? ती किती जणांकडे होती? ती शेवटची कधी बदलली? उत्तरे अशी आली. तीन वर्षांपूर्वी, नोकरी सोडून गेलेल्या एका अधिकाऱ्याने. सर्व अधिकार. अकरा जणांकडे. कधीच नाही. चौथ्या उत्तरानंतर खोलीत कोणी बोलेना.

विजयाची कथा सांगावयास आम्ही उभे नाही. नोकरी परत मिळाली नाही. कंत्राटदाराच्या पटावरचा माणूस परत घेण्याची तयारी कोणी दाखविली नाही आणि आमचे बळ तेवढे नव्हते. थकलेला पगार मिळाला, आणि पत्रातला 'गंभीर निष्काळजीपणा' जाऊन 'कार्यमुक्त' हा शब्द आला. त्या एका शब्दावर त्याला दुसरीकडे काम मिळाले. ती जुनी किल्ली मात्र कंपनीने त्याच आठवड्यात काढून टाकली होती. म्हणजे चूक कोठे आहे हे तिला ठाऊक होते.

शेवटी आमच्या घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या संघटनेची सभासदांची नोंदवहीही आता अशाच एका भाड्याच्या खात्यात असते. नावे, पत्ते, वर्गणी, कोण कोणत्या खात्यात काम करतो, सारे तीत आहे. बैठकीहून परतल्यावर आम्ही त्या मुलाला म्हटले, 'आता आमचे खाते उघड.' पाहतो तो तीन किल्ल्या चालू! एक वापरात होती, एक कोणाची ते कोणालाच आठवेना, आणि तिसरी चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका स्वयंसेवकाची. तो भला माणूस. पण ज्या यादीवरून एखाद्या मालकाला आमचा प्रत्येक सभासद हुडकता आला असता, ती यादी चार वर्षे केवळ त्याच्या भलेपणावर उभी होती. दुसऱ्यांना विचारलेले चारही प्रश्न आम्हांला लागू पडत होते आणि उत्तरेही तीच होती.

तेव्हापासून आमच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेत दर तिमाहीला एक विषय असतो, 'किल्ल्यांची मोजदाद.' कोणती किल्ली कोणाकडे, कशासाठी, शेवटची कधी वापरली, हे चिटणीस वाचून दाखवितो आणि सभा मंजुरी देते. गेलेल्या माणसाची किल्ली त्याच दिवशी निलंबित होते. यात त्याचा अपमान नाही. उलट उद्या काही बिघडले तर त्याच्या नावाकडे कोणी बोट दाखवू नये, यासाठीची ती काळजी आहे.

मागच्या सभेला हा विषय निघाला तेव्हा एक म्हातारा सभासद म्हणाला, "आमच्या वेळी वर्गणीच्या पेटीची एक किल्ली अध्यक्षाकडं आणि एक खजिनदाराकडं असायची. तुम्ही नवीन काय केलंत?" आम्ही म्हटले, "काही नाही, बाबा. मधे विसरलो होतो, ते आठवलं." चिटणिसाने यादी पुढे वाचावयास घेतली.